अहवालाकडून पडद्याकडे : सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर

(बी. ए. भाग २)

समाजशास्त्राच्या तासाला 'क्षेत्रकार्य' हा शब्द आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रश्नावली तयार करायची, गावात किंवा वस्तीत जायचे, उत्तरे लिहून आणायची, तक्ते मांडायचे आणि शेवटी 'निष्कर्ष व शिफारशी' असे एक प्रकरण जोडून अहवाल विभागात नेऊन द्यायचा. ज्या माणसांविषयी तो अहवाल असतो त्यांच्या हाती त्यातले काय लागते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. पुण्याच्या सुमित्रा भावे यांना मात्र तो पडला. नुसता पडला नाही, तर त्याच्यापायी त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी हातातले काम बाजूला सारून चित्रपट करायला घेतले. पुढची पस्तीस वर्षे त्या तेच करीत राहिल्या, आणि या साऱ्या वाटेवर सुनील सुकथनकर त्यांच्यासोबत होते.

चित्रपटाच्या तंत्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. कॅमेरा हातात धरण्याचा प्रसंग मला कधी आलेला नाही. परंतु अहवाल कसा लिहितात ते मी गेल्या वर्षी शिकले, आणि ज्या घरात अहवाल वाचू शकणारे दुसरे कोणी नाही तसे घर मला चांगलेच ठाऊक आहे, कारण मी त्याच घरातून कॉलेजात येते. त्या बाजूने या दोघांचे काम मला जसे दिसले तसे ते येथे मांडते.

सुमित्रा भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा, पुण्याचा. फर्ग्युसन महाविद्यालय, मग पुणे विद्यापीठातून राज्यशास्त्र व समाजशास्त्र, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण विकासाचा अभ्यास. पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सुमारे दहा वर्षे शिकविले. मध्यंतरी दिल्ली आकाशवाणीवरून मराठी बातम्याही दिल्या. सामाजिक संस्थांच्या प्रकल्पांची जबाबदारी सांभाळली. चाळिशीपर्यंतचा हा आलेख आपल्या एखाद्या प्राध्यापिकेचा असावा तसाच आहे. त्यात चित्रपट कोठेही नाही. लेखन, वेशभूषा, कलादिग्दर्शन, दिग्दर्शन ही सारी कामे ज्या बाईने नंतर केली, तिने त्यांतले एकही कोणत्या शाळेत शिकून घेतलेले नव्हते, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवलेली बरी.

ऐंशीच्या दशकात पुण्यात 'स्त्रीवाणी' नावाचा एक संशोधन-प्रकल्प चालू होता. त्यात भावे यांनी झोपडपट्टीत राहणाऱ्या दलित स्त्रियांशी बोलून त्यांच्या जीवनकथा लिहून घेतल्या. आपल्या प्रश्नावलीत 'होय' आणि 'नाही' यांच्यापुढे चौकोन असतात. येथे तसे चौकोन नव्हते. बाईने आपले आयुष्य आपल्या क्रमाने, आपल्या शब्दांत सांगायचे, आणि ऐकणारीने ते तसेच टिपायचे. आठ स्त्रियांच्या अशा कथांचे 'पॅन ऑन फायर' हे पुस्तक १९८८ साली निघाले. त्याचे इंग्रजी भाषांतर गेल ऑम्व्हेट यांनी केले होते. या बाई अमेरिकेत जन्मल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या होऊन राहिल्या. अभ्यासकांच्या दृष्टीने पुस्तक मोलाचेच. पण वस्तीतल्या बाईच्या हाती इंग्रजी पुस्तक ठेवून ती त्याचे काय करणार? चुलीशेजारी बसून, कामाला उशीर होत असताना, तिने जे जगाला कधी सांगितले नव्हते ते सांगितले. आणि ते जेव्हा छापून आले तेव्हा नेमके तिलाच बंद झाले!

निरक्षर स्त्रीविषयी केलेला अभ्यास निरक्षर स्त्रीपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि तो अक्षरांतून पोहोचणार नाही, एवढा साधा विचार भावे यांच्या चित्रपटांच्या मुळाशी आहे. हा विचार सुचायला फार मोठी बुद्धी लागत नाही. अनेकांना तो सुचला असेल. पण तो सुचल्यावर सगळे सोडून त्याच्या मागे जाणारे थोडे. १९८५ साली त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. झोपडपट्टीतली एक स्त्री, तिचा संसार आणि त्या संसारातून तिने स्वतःला सावरणे हा त्याचा विषय. पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर १९८७ मध्ये 'पाणी' आला. गावातल्या बायका आणि पाण्याचा प्रश्न. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'चकोरी' या १९९२ च्या लघुपटात नवऱ्याने टाकलेली एक मुलगी सायकल शिकते. एवढेच कथानक, पण आमच्या तालुक्यातून शाळेच्या सायकलीवर बसून ज्या मुली पहिल्यांदा गावाबाहेर पडल्या, त्यांना ते कथानक लहान वाटणार नाही.

येथे थोडे बाहेरचे एक उदाहरण देते, कारण त्याने या गोष्टीची खोली कळते. फ्रान्सचे मानववंशशास्त्रज्ञ ज्याँ रूश यांनी आफ्रिकेतल्या नायजर नदीवर पाणघोड्यांच्या शिकारीचा माहितीपट केला होता. १९५४ च्या सुमारास त्यांनी तो त्याच शिकाऱ्यांना त्यांच्याच गावात नेऊन दाखविला. गावकऱ्यांनी पडद्यावर स्वतःला पाहिले, गेलेल्या माणसांना ओळखले, आणि मग पाहुण्याची चूक काढली. शिकारीच्या प्रसंगावर रूश यांनी मागून संगीत घातले होते. शिकारी म्हणाले, शिकार करताना कोणी वाजवते काय? पाणघोडा ऐकून पळून जाईल! रूश यांनी ते संगीत काढून टाकले. अभ्यास ज्यांचा असतो त्यांना तो दाखविला की असे होते : ते आपल्याला तपासू लागतात. छापील अहवालाला ही भीती नसते, म्हणून तो निर्धास्तपणे लिहिता येतो.

आता जोडीविषयी. मराठी माणसाला कलावंतांच्या जोड्या नव्या नाहीत. दिग्दर्शक राजा परांजपे, कवी-पटकथाकार ग. दि. माडगूळकर व संगीतकार सुधीर फडके या तिघांनी मिळून पन्नासच्या दशकात मराठी चित्रपटाला जे दिले ते सर्वांना माहीत आहे. परंतु तेथे प्रत्येकाचे काम निराळे होते. शब्द एकाचे, स्वर दुसऱ्याचे, चित्रीकरण तिसऱ्याचे. दोघांनी मिळून दिग्दर्शन करावे, म्हणजे एकाच खुर्चीवर दोघांनी बसावे, हा प्रकार दुर्मिळ. इटलीत पाओलो व व्हित्तोरिओ ताविआनी यांनी तसे केले, पण ते सख्खे भाऊ. आपल्याकडे जोडी म्हटली की नवरा-बायको, नाही तर भाऊ-भाऊ. आमच्या गावात कोणत्याही दोन माणसांविषयी पहिला प्रश्न 'हा तिचा कोण लागते?' असाच येतो. भावे व सुकथनकर हे एकमेकांचे कोणी लागत नव्हते. दोघांच्या वयांत वीस-बावीस वर्षांचे अंतर होते. ती प्राध्यापिका, तो विशीच्या आत-बाहेरचा, नाटकात रमणारा पुण्याचा मुलगा. 'बाई'च्या वेळी तो मदतीला आला आणि राहिला. नंतर त्याने पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९८९ साली तेथून बाहेर पडला. शिक्षण संपवून मुंबईचा रस्ता धरणारे पुष्कळ असतात. सुकथनकर बाईंकडे परत आले, आणि दोघांच्या 'विचित्र निर्मिती' या संस्थेच्या नावाने चित्रपट निघू लागले.

या जोडीचा हिशेब मांडायचा तर असा मांडता येईल : बाईंना काय सांगायचे ते ठाऊक होते, आणि सुनीलरावांना ते कसे सांगतात ते शिकविलेले होते. पण हा हिशेब पुरता खरा नव्हे. पटकथा व संवाद बहुतेक भावे यांचे. घरातली भांडी कोणती, लुगडे कोणत्या रंगाचे, भिंत किती काळवंडलेली, इकडेही त्यांचेच लक्ष. गीते सुकथनकरांची. दिग्दर्शन दोघांचे. अंगात थोडा अभिनयही असल्याने सुकथनकर कधी कधी पडद्यावर येतात. तथापि चित्रपट पाहताना हा प्रसंग बाईंचा आणि हा सुनीलरावांचा असे सांधे दिसत नाहीत. मी मुद्दाम शोधायचा प्रयत्न केला. मला तरी सापडले नाहीत. आमच्याकडे दंडारीत शाहीर, ढोलकीवाला आणि नाच्या यांचे जसे असते, की रात्र चढल्यावर कोणाचे काय ते प्रेक्षकाला वेगळे काढता येत नाही, तसे काही तरी. शिकलेली आणि शिकविणारा असे नाते असते तर एका चित्रपटात संपले असते. गरज संपली की शिकणारे आपल्या वाटेने जातात. येथे गरज संपली नाही, याचे कारण दोघांपैकी कोणी एक दुसऱ्याचे साधन झाला नाही, असे मला वाटते.

दोघांचा पहिला मोठा चित्रपट 'दोघी' १९९५ साली आला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशांतून तो झाला. त्याला त्या वर्षी सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा थोडक्यात अशी. गौरी आणि कृष्णा या खेड्यातल्या दोन बहिणी. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो आणि नवरदेव जातो. मुलगी अपशकुनी ठरते. बाप आजारी पडतो, घरात खायला उरत नाही. मामा गौरीला कामाला म्हणून मुंबईला नेतो, आणि तिथे ती देहविक्रयात ढकलली जाते. तिच्या पैशांवर घर उभे राहते. धाकटीचे लग्न ठरते. त्या लग्नाला गौरी येते तेव्हा आई तिला घरात सुखाने वावरू देत नाही. आईचे काम उत्तरा बावकर यांनी केले आहे, गौरी रेणुका दफ्तरदार यांनी आणि कृष्णा सोनाली कुलकर्णी यांनी. मामाच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर आहेत.

हा चित्रपट मी गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर पाहिला. एकदा एकटीने, आणि दुसऱ्यांदा मायसोबत. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. माय आणि शेजारच्या दोघी जणी पुडे बांधत बसल्या होत्या. भिंतीला मोबाइल टेकवून ठेवला. पडदा हाताच्या पंज्याएवढा, आवाज बेताचा, पण तिघी पाहत राहिल्या. बोली सारी आमची नव्हे. पश्चिम महाराष्ट्राचे शब्द मधून मधून अडत होते, ते मी सांगत होते. माझा सारा राग गौरीच्या आईवर होता. पोरीच्या पैशाने घर चालवायचे आणि तिलाच उंबऱ्यावर थांबवायचे! माझ्या वहीत मी तसे लिहूनही ठेवले होते : 'पुरुषप्रधान व्यवस्थेची मूल्ये स्त्रियांनीच आत्मसात केल्याचे उदाहरण.' शब्द सरांच्या टिपणातले. माय मात्र वेगळेच बोलली. म्हणाली, "तिनं तरी का करावं? लहानीचं लगन मोडलं असतं त मंग? घरात दाणा नसला का समजते बाई." शेजारची मावशी म्हणाली, मामाला कोणी काहीच का म्हणत नाही? आणि मग तिघींचे चित्रपट सोडून गावातल्याच कोणत्या तरी मामाविषयी बोलणे सुरू झाले. ते मी येथे लिहू शकत नाही.

मी क्षेत्रकार्याच्या वेळी रोवणीच्या मजुरीवर प्रश्न विचारीत याच बायकांपुढे बसले होते. तेव्हा मला मजुरीचे दर मिळाले, कामाचे तास मिळाले, शिक्षण किती ते मिळाले. मामाविषयी कोणी बोलले नव्हते. रोवणीच्या बांधीत वाकून परे लावता लावता बायका आपसांत जे बोलतात, गातात, हसतात, ते माझ्या प्रश्नावलीच्या एकाही रकान्यात बसले नव्हते. दोन तासांच्या चित्रपटाने ते काढले. म्हणजे चित्रपट हा अभ्यासाचा शेवट नाही; तो दाखविल्यावर अभ्यास पुन्हा सुरू होतो. भावे यांनी समाजशास्त्र सोडले असे जे लिहितात ते मला पटत नाही, ते यासाठी.

'दोघी'नंतरचे काम पुष्कळ आहे. पंधराच्या घरात मोठे चित्रपट आणि पन्नासहून अधिक लघुपट. त्या सगळ्यांचा परामर्श घेण्याचे कारण नाही. काही चित्रपट तर विषयासाठीच केल्यासारखे वाटतात. 'नितळ' (२००६) अंगावर पांढरे डाग असलेल्या मुलीविषयी आहे, 'एक कप च्या' (२००९) माहितीच्या अधिकाराविषयी. त्यात किशोर कदम यांनी केलेला एस.टी.चा कंडक्टर मला आवडतो, पण मधून मधून शिबिरात बसल्यासारखे वाटते हेही खरे. अशा वेळी पात्र बोलत नाही, चित्रपटाचा विषय बोलतो. समाजकार्याचा हा वारसा आहे, आणि तो कधी कधी जड होतो.

'दहावी फ' (२००२) मात्र तसा नाही. आपल्यापैकी ज्यांनी तुकड्या पाडलेल्या शाळेत शिक्षण घेतले त्यांना शीर्षकातच अर्धी गोष्ट कळेल. 'अ' तुकडीत कोणाची मुले असतात आणि 'फ' तुकडीत कोणाची, हे शाळेच्या पाटीवर लिहिलेले नसते, तरी पहिल्या दिवशी कळते. 'फ'ची मुले अपमान सहन न होऊन शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णी यांनी केलेले शिक्षक त्यांना शिक्षा करीत नाहीत. झालेले नुकसान कष्ट करून भरून द्यायला लावतात. समाजशास्त्रात ज्याला 'लेबल लावणे' म्हणतात तो सिद्धांत मला या चित्रपटातून जितका कळला तितका टिपणातून कळला नाही. त्याच वर्षीचा 'वास्तुपुरुष' जुन्या वाड्यातल्या आईची मुलाला शिकविण्याची जिद्द दाखवितो. तो मोठ्या घराण्याच्या ऱ्हासाचा चित्रपट आहे. आमच्याकडे ऱ्हास व्हायला घराणेच नव्हते, त्यामुळे मी तो दुरून पाहिला. पण मुलाच्या शिक्षणासाठी हट्ट धरून बसलेली आई कोणत्याही वाड्यात आणि कोणत्याही कुडाच्या घरात ओळखू येते.

'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनिया या मनोविकारावर आहे. शेष नावाचा हुशार तरुण, त्याची बहीण, आणि त्याच्या मनात वाढत गेलेली गावची देवराई. नवेगाव-नागझिऱ्याच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला जंगल हे निव्वळ शोभेचे दृश्य वाटत नाही. जंगलात वाट चुकणे म्हणजे काय ते आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. आजाऱ्याच्या मनातला गोंधळ दाखवायला त्यांनी जंगल निवडले, हे मला फार बरोबर वाटले. आमच्याकडे अशा माणसाला 'लागीर झाले' म्हणून देवऋष्याकडे नेतात. चित्रपट त्या लोकांना हसत नाही, आणि डॉक्टरकडे नेलेच पाहिजे हेही सोडत नाही.

येथून पुढे मनाच्या आजारांचा विषय या जोडीला सुटला नाही. डॉ. मोहन आगाशे हे नट म्हणून आपल्याला माहीत आहेत. ते मूळचे मानसोपचारतज्ज्ञ. ते या दोघांच्या कामात नट म्हणून आणि पुढे निर्माते म्हणूनही आले. 'अस्तु'मध्ये त्यांनी चक्रपाणी शास्त्री या निवृत्त संस्कृत प्राध्यापकाचे काम केले आहे. शास्त्रीबुवांना स्मृतिभ्रंश झालेला. मुलीने मोटारीत बसवून ठेवले असताना रस्त्यावरून एक हत्ती जातो, त्याच्यामागे ते चालू लागतात आणि हरवतात. मग त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको, चन्नम्मा. ज्ञानी मुलींना जे जमत नव्हते ते तिला जमते, कारण ती त्यांना पूर्वीचे शास्त्री करू पाहत नाही. समोर लेकरू आहे, त्याला भूक लागली आहे, एवढेच ती पाहते. या चित्रपटासाठी २०१३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादांचा पुरस्कार मिळाला. मला या ठिकाणी 'बाई' आठवते. १९८५ साली शिकलेली स्त्री वस्तीतल्या अडाणी स्त्रीकडे तिचे दुःख समजून घ्यायला गेली होती. 'अस्तु'मध्ये संस्कृतचा पंडित अडाणी स्त्रीच्या पालाशी येतो, आणि समजून घेण्याचे काम ती करते. हे उलटे होण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. माझ्या मते दोघांच्या साऱ्या कामातली ही सर्वांत मोठी घटना आहे, पुरस्कारांहून मोठी.

'कासव' (२०१६) याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' असे पाचच मराठी चित्रपट तोवर या मानाला पोहोचले होते. जगणे नकोसे झालेला एक तरुण आणि त्याला काहीही न विचारता घरात ठेवून घेणारी जानकी. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचे काम चाललेले आहे, आणि जानकी स्वतः अशाच काळोखातून एकदा गेलेली आहे. तिच्या वागण्यात उपदेश नाही. पोरगा बोलेल तेव्हा बोलेल. आपल्या वसतिगृहातल्या आणि खोली करून राहणाऱ्या मित्रमैत्रिणींत असे कोणी नसेल असे मला वाटत नाही. नापास झाल्यावर घरी तोंड कसे दाखवू, या विचारात असलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी कोणाजवळ बोलतो? घरच्यांना परीक्षा कळत नाही, आणि कॉलेजातल्यांना घर कळत नाही. डॉ. आगाशे यांनी 'अस्तु' आणि 'कासव' हे चित्रपट ठिकठिकाणी नेऊन दाखविले आणि नंतर प्रेक्षकांशी चर्चा केल्या. म्हणजे तिसरा माणूस आला तोही याच वाटेने चालू लागला.

एक तक्रार मात्र नोंदवावीशी वाटते. जो विचार घेऊन हे काम सुरू झाले, त्या विचाराच्या कसोटीवर ते किती उतरले? हे चित्रपट महोत्सवांत गेले, पुण्या-मुंबईत लागले. आमच्या भागात चित्रपटगृहात बसून त्यांतला एकही पाहण्याचा योग मला आला नाही. जे पाहिले ते मोबाइलवर, नेट मिळेल तसे, तुकड्या-तुकड्यांनी. वडशाच्या बाजूची झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर गावोगाव फिरतात, रात्रभर हजारो माणसे थंडीत बसून पाहतात, कारण ती गावात येतात. भावे-सुकथनकर यांचे चित्रपट ज्यांच्यासाठी होते त्यांच्या गावात आले नाहीत. यात दोष त्या दोघांचा किती आणि चित्रपट वाटणाऱ्या व्यापाराचा किती हे ठरविणे कठीण नाही. व्यापार विकले जाईल तेच गावात नेतो. पण परिणाम एकच. 'पॅन ऑन फायर' इंग्रजीमुळे बंद झाले आणि 'कासव' तिकिटाच्या खिडकीमुळे. आपल्या विभागात प्रोजेक्टर आहे, पडदा आहे. क्षेत्रकार्याला ज्या गावी आपण जातो त्या गावच्या समाजमंदिरात, रोवणी आटोपल्यावर, 'दोघी' किंवा 'पाणी' दाखविणे अशक्य नाही. प्रश्नावली त्यानंतर भरून घेतली तर रकाने कमी पडतील.

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात वारल्या. त्या सुमारास आलेला 'दिठी' हा त्यांनी एकटीने दिग्दर्शित केलेला चित्रपट. तो पुढच्याच महिन्यात घरबसल्या पाहण्यास मिळू लागला. दि. बा. मोकाशी यांच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवर तो आधारलेला आहे. रामजी लोहार हा तीस वर्षे वारी करणारा. त्याचा तरणा मुलगा पुरात जातो, आणि देवावरचा त्याचा विश्वास हलतो. बाहेर पाऊस कोसळतो आहे. गावातल्या एका बाईची गाय अडली आहे आणि तिला सोडविण्याचे कसब रामजीच्याच हातांत आहे. दुःखाने बसून राहिलेल्या माणसाला कोणी समजावून उठवीत नाही, त्याच्या हातांना काम बोलावते. चित्रपटात फारसे काही घडत नाही. शेतकऱ्याच्या घरातला माणूस मात्र ती गाय सुटेपर्यंत जागचा हलणार नाही.

त्यांच्यामागे सुकथनकरांनी 'आउटहाउस' हा हिंदी चित्रपट केला. तो २०२४ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. शर्मिला टागोर आणि मोहन आगाशे त्यात आहेत. दिग्दर्शक म्हणून त्यावर एकट्या सुकथनकरांचे नाव आहे, आणि लेखिका म्हणून सुमित्रा भावे यांचे.